सब्जा की ऑपरेशन?

बचत गटाची बैठक संपली की चहा होतो. चहा झाला की बायका चपला शोधायला लागतात, आणि नेमकी तेव्हाच कुणीतरी एक जण रेंगाळते. "ताई, राहू द्या, मी कपबशा विसळते" म्हणते. इतक्या वर्षांच्या अनुभवाने मी आता ओळखून आहे. जिला खरं काही बोलायचं असतं ती बैठकीत गप्प बसते आणि कपबशा विसळायला मागे थांबते.

मागच्या महिन्यात अशीच एक जण थांबली. वय असेल छत्तीस-सदतीस. तासगावकडच्या द्राक्षबागेत कामाला जाते. दोन मुलं झाल्यावर कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं. नळ सोडला, आवाजात आवाज मिसळला आणि म्हणाली, "ताई, एक इचारू का? कुनाला सांगू नका. पाळी हून धा-बारा दिस झालं की मधनंच डाग पडत्यात. दोन दिस दिसतंय, मग बंद. तीन-चार महिनं झालं. सासूबाई म्हनत्यात, उष्णता असंल, सब्जा घे. जाऊ म्हनती, पिशवी काढून टाक, माझी बी काढलीया, कटकट मिटली. मी काय करू?"

मैत्रिणींनो, तिच्या या प्रश्नाने मला दोन रात्री झोप लागली नाही. एका बाजूला सब्जा आणि दुसऱ्या बाजूला ऑपरेशन! या दोहोंच्या मध्ये काहीच नाही का? डाग का पडतोय, हे आधी शोधावं, असं त्या घरातल्या तीन शहाण्यासुरत्या बायकांपैकी एकीलाही सुचू नये? पण त्यांना तरी दोष कसा देऊ? आपल्या बहुतेक घरांत हेच चालतं. आधी लपवायचं, मग घरगुती उपाय करायचे, मग कंटाळायचं आणि शेवटी एकदम पिशवीच काढून मोकळं व्हायचं. "कारण काय?" हा साधा प्रश्न मध्येच कुठेतरी गळून पडतो.

खरं तर दोन पाळ्यांच्या मध्ये डाग दिसणं ही फार बायकांच्या बाबतीत घडणारी गोष्ट आहे. बऱ्याच वेळा कारण अगदी किरकोळ असतं. पण कधी कधी ते किरकोळ नसतं, आणि नुसत्या डागाकडे बघून कुठलं कारण ते सांगता येत नाही. सासूबाईंना नाही, जावेला नाही आणि मलाही नाही. मी काही डॉक्टर नाही, साधी बी. ए. झालेली गृहिणी. पण गेली काही वर्षं गावोगावच्या आरोग्य शिबिरांत खुर्च्या मांडण्यापासून नावनोंदणीपर्यंतची कामं करताना डॉक्टर बायकांकडून जे ऐकलं, समजून घेतलं, ते सांगते.

सगळ्यात आधी निर्धास्त करणारं कारण. पाळीच्या साधारण मधल्या दिवसांत स्त्रीबीज बाहेर पडतं. त्या वेळी शरीरातल्या संप्रेरकांची, म्हणजे हार्मोन्सची पातळी खालीवर होते आणि काही जणींना एक-दोन दिवस गुलाबी किंवा तपकिरी डाग दिसतो. वयात आलेल्या मुलींची पाळी पहिली एक-दोन वर्षं बसत नाही, तेव्हाही असं मागेपुढे होतं. आणि चाळिशीनंतर, पाळी जायच्या आधीच्या काही वर्षांत, पुन्हा तसाच गोंधळ सुरू होतो. ही झाली निसर्गाची कारणं.

दुसरी कारणं आपल्या पर्समध्ये किंवा औषधांच्या डब्यात असतात. गर्भनिरोधक गोळ्या नव्याने सुरू केल्या की पहिले दोन-तीन महिने डाग पडू शकतो. एखादी गोळी घ्यायची विसरली तरी पडतो. तांबी बसवल्यावर पहिले काही महिने असं होतं. सरकारी दवाखान्यात तीन महिन्यांनी एकदा जे 'अंतरा' इंजेक्शन देतात, त्यानेही पाळी अनियमित होऊन अधूनमधून डाग दिसतात. हे आधी सांगितलेलं नसलं की बाई घाबरते आणि इंजेक्शनच सोडून देते. बहात्तर तासांची म्हणून जी गोळी मेडिकलमधून गुपचूप आणली जाते, तिच्यानंतरही काही दिवसांनी डाग दिसतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्या तरी दिसू शकतो.

आणि आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या! गौरी-गणपती आले, घरात लग्न निघालं, सत्यनारायण ठरला, पंढरपूर-तुळजापूरला जायचं ठरलं, की बायका मेडिकलच्या काउंटरवर. डॉक्टरांना कोण विचारतंय? कधी शेजारणीच्या उरलेल्या गोळ्याच घेतल्या जातात. ही गोळी हार्मोनची असते. एखादी चुकली की मध्येच डाग पडतो. मग ऐन पूजेच्या दिवशी घरात रडारड! देवाला चालतं की नाही, हा वाद मी आज घालत नाही. माझं मत मैत्रिणींना ठाऊक आहे. पण तो डाग विटाळही नसतो आणि कोपही नसतो, तो चुकलेल्या गोळीचा असतो, एवढं तरी समजून घ्या. शिवाय पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झालेली, यकृताचा आजार असलेली किंवा गरोदर असण्याची शक्यता असलेली बाई ही गोळी स्वतःच्या मनाने घेऊच शकत नाही. म्हणून डॉक्टरांना विचारायचं.

तिसरी कारणं म्हणजे पिशवीतले आणि पिशवीच्या तोंडाचे आजार. पिशवीच्या तोंडाला सूज किंवा जंतुसंसर्ग झाला की डाग पडतो. सोबत घाण वासाचं पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, ताप असं काही असू शकतं. संसर्ग संबंधातून आलेला असेल तर एकट्या बाईने औषध घेऊन भागत नाही. नवऱ्यानेही घ्यायला हवं, नाहीतर चार दिवसांनी पुन्हा तेच. याशिवाय पिशवीत किंवा तिच्या तोंडाशी मांसाचा छोटा कोंब वाढतो, त्याला पॉलिप म्हणतात. पिशवीत गाठी होतात. थायरॉइड बिघडलं की पाळीचं गणित बिघडतं. आणि या यादीच्या शेवटी कर्करोग येतो. तो शेवटी येतो कारण तो कमी जणींना असतो. पण यादीत तो आहेच, आणि वेळेत सापडला तर बरा होऊ शकतो.

एक कारण मात्र घड्याळ लावून बघायचं, ते म्हणजे गरोदरपण. दिवस गेले असताना डाग दिसणं म्हणजे दर वेळी गर्भपात नव्हे, पण डॉक्टरांना दाखवायलाच हवं. कधी कधी गर्भ पिशवीत न राहता बाजूच्या नळीत राहतो. मग डाग, ओटीपोटात एका बाजूला कळ, चक्कर, घाम. अशा वेळी लिंबू-सरबत देऊन झोपवायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा, कारण नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन बाई दगावते. "पण माझं तर ऑपरेशन झालंय" असं म्हणून निश्चिंत राहू नका. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशननंतरही क्वचित दिवस जातात, आणि गेले तर नळीत राहण्याचा धोका जास्त असतो.

आता आमच्या गल्लीतल्या काकूंची गोष्ट सांगते. त्यांची पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती. एक दिवस डाग दिसला. काकू मोठ्या विनोदी स्वभावाच्या. हळदीकुंकवात म्हणाल्या, "अगं, मी परत तरुण झाले बघ!" आम्ही सगळ्या खो खो हसलो. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही शरम वाटते. दोन महिन्यांनी परत डाग, मग परत. काकूंनी कोरफड घेतली, वाळ्याचं पाणी घेतलं. "लेकाला कसं सांगायचं हे?" म्हणून वर्ष-दीड वर्ष काढलं. दवाखान्यात नेलं तेव्हा पिशवीच्या अस्तराचा कर्करोग पुढे गेलेला होता. काकू आज नाहीत.

त्यांच्यानंतर मी एका डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पाळी पूर्ण बंद होऊन वर्ष झाल्यावर एकच डाग दिसला, अगदी रुपयाएवढा, तरी तपासणी झालीच पाहिजे. बहुतेक वेळा कारण साधं असतं, आतली त्वचा कोरडी-पातळ झालेली असते. पण अशा साधारण दहा बायकांत एकीला पिशवीच्या अस्तराचा कर्करोग निघतो. आणि हा कर्करोग असा आहे की तो लवकर हाक मारतो. डाग हीच त्याची हाक. काकूंना त्याने हाक मारली होती. आम्ही हसण्यावारी नेली.

ही झाली सब्जाच्या बाजूची गोष्ट. आता ऑपरेशनच्या बाजूची. ही माझीच आहे.

एक्केचाळिसाव्या वर्षी मला दोन पाळ्यांच्या मध्ये डाग दिसायला लागले. एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आतून तपासलंसुद्धा नाही. सोनोग्राफीचा कागद बघितला आणि पाच मिनिटांत म्हणाले, "दोन मुलं झालीत ना? मग आता पिशवी ठेवून करायचंय काय? उद्या कॅन्सर झाला म्हणजे?" 'कॅन्सर' हा शब्द ऐकला की बाईची मती गुंग होते. मी घरी येऊन ऑपरेशनच्या पैशांची जुळवाजुळवही सुरू केली. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी अडवलं. म्हणाल्या, "साडी घ्यायची तर चार दुकानं फिरतेस. पोट फाडून घ्यायला एकच दुकान बघणार होय?" दुसऱ्या दिवशी त्या मला मिरजेला घेऊन गेल्या. तिथल्या बाईंनी नीट तपासलं. पिशवीच्या तोंडाशी बोराएवढा कोंब होता. दहा मिनिटांत काढला, तपासायला पाठवला, रिपोर्ट स्वच्छ आला. त्याच संध्याकाळी मी घरी पोळ्या लाटत होते. पुन्हा डाग नाही. आणि माझी पिशवी माझ्याजवळ आहे!

पिशवी काढावीच लागते अशा बायका असतात. गाठी मोठ्या असतात, रक्तस्राव औषधांनी थांबत नाही, कर्करोग निघतो. तेव्हा ते ऑपरेशन जीव वाचवतं, आणि ते करणाऱ्या डॉक्टरांचे आपण ऋणी असतो. माझं म्हणणं एवढंच, की ऑपरेशन हे शेवटचं उत्तर असावं, पहिलं नव्हे. विनाकारण पिशवी काढली, त्यात अंडकोषही काढले, की तिशी-पस्तिशीतली बाई एका दिवसात पन्नाशीची होते. अंगाची आग, हाडं ठिसूळ होणं, हृदयाचे त्रास, हे सगळं वेळेआधी दारात येतं.

हे किती थराला जातं, ते आपल्याच राज्याने बघितलंय. दिवाळी झाली की आपल्या सांगली, सातारा, कोल्हापूरच्या कारखान्यांवर बीडकडची माणसं ऊसतोडीला येतात. रस्त्याच्या कडेची त्यांची पालं आपण येता-जाता बघतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली. एक दिवस काम चुकलं की 'खाडा', त्याचे पैसे कापले जातात. पाळी असो, डाग पडोत, पोटात दुखो, पहाटे उठून फडात जायचं आणि डोक्यावर मोळ्या वाहायच्या. या बायकांना गावाकडे अंगावरून जाण्याच्या तक्रारीसाठी पिशवी काढण्याचा सल्ला मिळत गेला. २०१९ साली हा प्रकार गाजला. बीडमधल्या ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ पिशव्या काढल्याचं आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितलं. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यासाठी झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर सहा बायकांमागे एक! जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खासगी रुग्णालयांनी पिशवी काढू नये, असा दंडक बीडमध्ये घालावा लागला. पुढे एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही गरज नसताना होणाऱ्या या शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी लागू करावीत, असा आदेश दिला.

आपल्या चहात पडणाऱ्या साखरेत त्या बायकांच्या पिशव्या आहेत, असं म्हटलं तर कुणाला झोंबेल. पण मला दर हंगामात ती पालं बघताना तेच आठवतं.

बाईच्या या दुखण्यांकडे कुणी बघतच नव्हतं, ही गोष्टही जुनीच. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये ते निष्कर्ष 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाची काही ना काही तक्रार निघाली, आणि त्याआधी कधीतरी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. शंभरातल्या ब्याण्णव जणी दुखणं अंगावर काढत होत्या आणि जग समजत होतं की बायकांचं काय, त्यांना फक्त बाळंतपणाला दवाखाना लागतो!

पण आपल्याच महाराष्ट्रातल्या खेड्यांनी दुसरी बाजूही दाखवून दिली आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने, मुंबईचं टाटा रुग्णालय आणि परदेशी तज्ज्ञांबरोबर, १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या धाराशिवमधल्या, खेड्यांत मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रिया त्यात होत्या. ज्या गटाची पिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाच्या विषाणूसाठी एकदाच, फक्त एकदाच, तपासणी झाली, त्यात पुढच्या आठ वर्षांत या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. ज्या गटात अशी तपासणी झाली नव्हती, त्यात ६४. दोन्ही गट जवळपास सारख्या आकाराचे, तीस हजारांच्या पुढचे. २००९ मध्ये हे निष्कर्ष जगापुढे आले. मुंबईच्या वस्त्यांमध्येही टाटा रुग्णालयाने १९९८ पासून असाच प्रयोग केला. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण दिलं आणि त्यांच्याकडून दर दोन वर्षांनी व्हिनेगरची साधी चाचणी करून घेतली. या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. दहावी शिकलेल्या, तुमच्या-माझ्यासारख्या बायकांच्या हातून!

ही व्हिनेगरची चाचणी म्हणजे काय, असं बायका नेहमी विचारतात. भूल नाही, चिरफाड नाही. टेबलावर झोपायचं, पाय दुमडायचे. पिशवीच्या तोंडाला पातळ व्हिनेगरसारखं द्रावण कापसाने लावतात आणि मिनिटभर थांबतात. संशयाची जागा पांढरी दिसते. दोन-चार मिनिटांचं काम. किंचित चुरचुरतं, एवढंच. संकोच वाटतो, नाही कसा वाटणार? पण बाळंतपणात आपण कुठे संकोच धरून बसलो होतो? केंद्र सरकारने २०१६ मध्येच ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची ही तपासणी दर पाच वर्षांनी करावी, असं ठरवलेलं आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन, आशाताईंना विचारून, आपल्या गावात ती कुठे आणि कोणत्या वारी होते, याचा पत्ता काढा.

एक मात्र लक्षात ठेवा. ही चाचणी आहे काहीच त्रास नसलेल्या बाईसाठी. जिला डाग दिसतायत, तिने शिबिराची वाट बघत बसायचं नाही. आणि "दोन वर्षांपूर्वी टेस्ट चांगली आली होती" म्हणून गप्पही बसायचं नाही. तिने सरळ स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं.

आता जायचं म्हणजे जाऊन सांगायचं काय? इथेच तर आपली जीभ अडते. आपल्याकडे या गोष्टींना नीट शब्दच नाहीत. "अंगावरून जातंय" म्हणतो आपण. पण पांढरं की लाल? डॉक्टरांच्या समोर गर्दी असते. त्या पांढऱ्याचं औषध लिहून मोकळ्या होतात आणि बाई लाल डाग घेऊन घरी येते. म्हणून स्पष्ट बोला. रंग सांगा. किती दिवस, किती कपडे किंवा पॅड, ते सांगा. कुठल्या गोळ्या चालू आहेत, तांबी आहे का, इंजेक्शन घेतलंय का, ते सांगा. रक्त नेमकं कुठून येतंय, याचीही खात्री करा, कारण मूळव्याधीचं किंवा लघवीतलं रक्तही कपड्यावर तसंच दिसतं. आणि नवरा जवळ आल्यानंतर डाग पडत असेल, तर ते आवर्जून सांगा. हे एक वाक्य आपण सगळ्यात जास्त लपवतो, आणि डॉक्टरांना सगळ्यात जास्त तेच हवं असतं.

तारखा कशा लक्षात ठेवायच्या? अहो, आपल्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दूधवाल्याचे खाडे आपण न चुकता लिहितो. गॅसची टाकी कधी लावली, तेही लिहितो. मग पाळीच्या तारखेला एक गोल आणि डागाच्या तारखेला एक टिंब काढायला किती वेळ लागतो? तीन महिन्यांचं ते कॅलेंडर डॉक्टरांपुढे ठेवा, निम्मं निदान त्यातच असतं.

पहिल्यांदाच, अगदी थोडा डाग दिसला, दुसरा काही त्रास नाही, तर एखादी पाळी टिंबं काढत वाट बघायला हरकत नाही. पण पुन्हा पुन्हा दिसायला लागला, की दाखवा. संबंधानंतर डाग दिसत असेल, पाळी जाऊन वर्ष झाल्यावर दिसला असेल, घाण वास किंवा ताप असेल, तर लगेच दाखवा. दिवस गेल्याची शक्यता असून पोटात कळ किंवा चक्कर येत असेल, किंवा तासाला एक पॅड भिजत असेल, तर त्याच क्षणी निघा. स्वयंपाक राहिला तर राहू दे.

आणि कुणी "पिशवी काढा" म्हटलं तर तीन प्रश्न विचारायचे. कारण नेमकं काय सापडलं? ऑपरेशनशिवाय दुसरा कुठला उपाय करून बघता येईल? तुकडा तपासायला पाठवला का? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही. ज्यांना येतो, त्यांच्याकडून कागद घेऊन दुसऱ्यांकडे जायचं. सांगली-मिरजेत तर दवाखान्यांना तोटा नाही. डॉ. वॉन्लेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून कर्नाटकातूनही माणसं इथे औषधपाण्याला येतात. लांबलांबून लोक येतात, आणि आपण तीन मैलांवरून जात नाही!

कपबशा विसळणाऱ्या त्या मैत्रिणीचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलंच. मी तिला विचारलं, "अगं, मालक जवळ आल्यावर पण डाग पडतो का?" तिने बशीकडे बघतच मान हलवली. तीन-चार महिन्यांत हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात मी तिच्यासोबत गेले. पिशवीच्या तोंडाला जंतुसंसर्ग होऊन सूज होती. व्हिनेगरची चाचणी झाली, त्यात संशयाचं काही नव्हतं. दोघांनाही औषध दिलं. "मालक घेतील का?" अशी तिला धास्ती होती. पण गडी समंजस निघाला. गोळ्या घेतल्याच, आणि वर म्हणाला, "मला आधी सांगितलं असतंस तर आधीच गेलो असतो की."

तिला सहा महिन्यांनी पुन्हा तपासायला बोलावलंय. सब्जा ती अजून घेते, उन्हाळ्यात चांगला असतो म्हणून! जाऊ मात्र तिला परवा म्हणाली, "मला त्या वेळी कुनी इचारलंच न्हाई गं, कशानं होतंय म्हनून." तिची पिशवी काढली तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती.

तिला कुणी विचारलं नव्हतं. म्हणून आपण विचारू या. आपल्या लेकीला, सुनेला, सासूबाईंना, कामाला येणाऱ्या मावशींना. आणि कपबशा विसळायला कुणी मागे थांबली, तर तिला घाई करू नका. नळ चालू राहू दे, तिचं बोलणं पुरं होऊ दे.